बसून विकणारी बाई आणि चालता बाजार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं सारं आयुष्य हमाल, मापाडी आणि गाडेवाल्यांच्या प्रश्नांत गेलं. तेव्हा आज बाजारावर बोलायचं हे ओघानंच आलं. मात्र मी मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारावर, बोलणार नाही. लातूरचा सौदा कितीला निघाला, सोयाबीन चढलं की पडलं, यावर जाणकारीनं बोलणारी माणसं या सभागृहातच बसलेली आहेत. मला बोलायचं आहे ते मोंढ्याच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून भरणाऱ्या माळव्याच्या, म्हणजे भाजीच्या, बाजाराबद्दल. आणि त्यातही नांदेड-लातुरात करोनानंतर त्या बाजाराचं काय झालं, याबद्दल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. करोनाच्या काळात भाजीचा बाजार बसून विकणाऱ्यांच्या हातातून फिरून विकणाऱ्यांच्या हातात गेला. साथ ओसरली तरी तो परत आला नाही. बसून विकणाऱ्यांत बायका जास्त होत्या, फिरून विकणाऱ्यांत पुरुष जास्त आहेत. म्हणजे एका साथीनं आपल्या शहरांतल्या हजारो बायकांचा रोजगार काढून घेतला, आणि ही गोष्ट कुठल्याही नोंदवहीत आलेली नाही. हे कसं घडलं ते नीट पाहायला हवं, कारण कुणी तसं ठरवून केलेलं नव्हतं.

आधी जुना बाजार कसा चालायचा ते आठवू. नांदेडात इतवारा, जुना मोंढा, तरोडा नाका, सिडको; लातुरात गंजगोलाई आणि तिच्याभोवतीच्या गल्ल्या. गोलाई १९१७ सालची. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोलाकार दुकानं आणि त्यांतून फुटणारे सोळा रस्ते. गूळ कुठल्या रस्त्याला, मिरची कुठल्या, चपला कुठल्या, हे लातूरकराला विचारावं लागत नाही. पण नकाशात दिसतो तो पक्क्या दुकानांचा बाजार. पहाटे पाचपासून त्या दुकानांच्या पायऱ्यांसमोर जो दुसरा बाजार भरायचा तो नकाशात नाही. त्यात दोन प्रकारच्या बायका असत. एक, बिटातून, म्हणजे भाजीच्या घाऊक लिलावातून, माल उचलून विकणाऱ्या. दुसऱ्या, जवळच्या खेड्यांतून स्वतःच्या किंवा शेजारणीच्या रानातल्या चार पेंढ्या, दोन पाट्या घेऊन येणाऱ्या. नांदेडला त्या मुदखेड, मुगट, लिंबगावकडून पॅसेंजरनं यायच्या, नाहीतर पहिल्या एसटीनं. लातूरला हरंगुळ, औसा, रेणापूर, मुरूडकडून. सकाळी नऊ-दहापर्यंत माल संपवायचा, उरलं ते कमी-जास्त करून द्यायचं आणि दुपारच्या गाडीनं घर गाठायचं.

या बाईची जागा ठरलेली असे. कागद काही नसे. शेजारची ओळखायची, समोरचा दुकानदार ओळखायचा, गिऱ्हाईक ओळखायचं. पालिकेचा माणूस तहबाजारीची पावती फाडायचा. त्या पावतीवर रक्कम असे, तारीख असे, बाईचं नाव बहुधा नसे. वीस-पंचवीस वर्षं एकाच जागी बसून रोज पैसे भरणाऱ्या बाईजवळ आपण तिथं बसत होतो याचा पुरावा म्हणून काहीही नव्हतं. त्याची गरजही कुणाला पडली नव्हती.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या मध्यरात्रीपासून देश बंद. आठवडी बाजार तर त्याआधीच बंद करायचे आदेश निघाले होते. भाजी मात्र अत्यावश्यक. ती लोकांपर्यंत पोचली पाहिजे आणि गर्दी होता कामा नये, अशा दोन टोकांत प्रशासन सापडलं. मे महिन्यात चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातून शेकड्यांनी रुग्ण निघाले आणि तो बंद करावा लागला. त्याच महिन्यात वाशीचा घाऊक बाजारही ११ ते १७ मे बंद होता. दाट बाजार हेच साथीचं घर, असं सगळीकडे दिसत होतं. त्यामुळे बाजार पांगवायचा हा मार्ग निवडला गेला. बीट शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, विक्री प्रभागाप्रभागांत, दारोदार. जुलै २०२० मध्ये आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पुन्हा कडक टाळेबंदी झाली तेव्हाही तेच. पुढे एप्रिल २०२१ मध्ये 'ब्रेक द चेन' निर्बंधांखाली किराणा-भाजीला सकाळी सात ते अकरा एवढीच मुभा राहिली.

त्या वेळच्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. दवाखान्यात खाट मिळत नव्हती, ऑक्सिजनचे हाल होते. तेव्हा बाजार पांगवणं योग्यच होतं. पण बाजार पांगवायचा म्हणजे ज्याच्याकडे चाक आहे त्याला विकू द्यायचं. हातगाडा, ऑटो, छोटा टेम्पो यांना पास. पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला कसला पास देणार?

आणि चाकं पुष्कळांकडे रिकामी होती. पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून गावी परतलेली पोरं होती. नांदेडात सचखंड गुरुद्वाऱ्याभोवतीचा सगळा व्यवहार एका दिवसात थांबला. अडकून पडलेल्या सुमारे चार हजार यात्रेकरूंना पंजाबच्या बसगाड्या एप्रिलअखेरीस घेऊन गेल्या, आणि मग कित्येक महिने यात्रेकरूच नाही. त्यांच्यावर चालणारे ऑटोवाले, चहावाले, फळवाले काय करणार? विनाअनुदानित शाळांतले शिक्षक, बँडवाले, मंडपवाले, लग्नाचे फोटोग्राफर हेसुद्धा भाजीत उतरले. भाजीला भांडवल थोडं लागतं आणि लोक उपाशी राहत नाहीत, एवढा हिशेब त्यांनी केला. तो चूक नव्हता. ऑटोच्या मागच्या सीटवर टोमॅटोचे कॅरेट आणि टपावर कर्णा, त्यात रेकॉर्ड केलेली हाळी, हे दृश्य तेव्हाचं. आजही तरोड्याच्या किंवा औसा रोडच्या कुठल्याही वसाहतीत सकाळी तीच हाळी ऐकू येते. या माणसांविरुद्ध मला एक अक्षर बोलायचं नाही. त्यांनी आपल्याला जेवू घातलं.

टाळेबंदी उठली, मग बाई आपल्या जागेवर परत का आली नाही, असा प्रश्न राहतो. याचं उत्तर बाजारात सापडत नाही. ते एसटी स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर सापडतं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिथंच आहे.

एसटी मार्च २०२० मध्ये थांबली. जिल्ह्याबाहेर ती पुन्हा धावली ती २० ऑगस्टपासून, तीही तुरळक. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या लाटेत परत बंधनं. ती उठून घडी बसते न बसते तोच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. संपाच्या मागण्यांबद्दल मला सहानुभूती आहे, पण पहाटेच्या गाडीवर विसंबलेल्या बाईचे आणखी सहा महिने त्यात गेले. रेल्वेचं याहून वाईट. पॅसेंजर गाड्या दीर्घकाळ बंद राहिल्या, आणि सुरू झाल्या तेव्हा त्या 'विशेष एक्सप्रेस' होऊन आल्या. गाडी तीच, डबे तेच, थांबेही जवळजवळ तेच. फक्त कमीत कमी तिकीट १० रुपयांचं ३० झालं. हे तिकीट पुन्हा खाली आलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे पहिल्या टाळेबंदीपासून जवळजवळ चार वर्षांनी.

आता मेथीच्या तीस-चाळीस पेंढ्या घेऊन येणाऱ्या बाईचा हिशेब करा. जाऊन-येऊन वीस रुपये लागायचे, ते साठ झाले. शहरातल्या माणसाला चाळीस रुपयांत काय येतं, असं वाटेल. तिला दिवसाकाठी दोन-तीनशे सुटत असतील तर चाळीस म्हणजे तिच्या घरचं त्या दिवसाचं तेल-मीठ. त्यापेक्षा गावात टेम्पो येतो, बांधावरून माल उचलतो, तो म्हणेल त्या भावाला देऊन टाकावा, हे तिनं पत्करलं. विकणारी होती ती पिकवणारी किंवा खुडणारी तेवढी राहिली. बाजारातला नफा टेम्पोवाल्याकडे गेला आणि बाईकडे मजुरी उरली.

मुदखेडकडची एक मावशी मला इतवाऱ्यात भेटल्या. सासूपासून चालत आलेली जागा होती त्यांची. मी विचारलं, मावशी, आता कुठं बसता? त्या म्हणाल्या, "जागा मिळंल तिथं बसायलो बगा. आमच्या जागंवर त्या पोराचा गाडा उभा ऱ्हायलाय. त्यो बी गरिबाचंच लेकरू हाय, त्याला उठ कसं म्हणावं? आन् मी हितंच बसायचे म्हणून सांगाव, तर कागुद दाखवा म्हणतेत." पुढं त्यांनी तराजूला लटकवलेला क्यूआर कोडचा पुठ्ठा दाखवला. तो त्यांच्या मुलाच्या नावाचा. गिऱ्हाईक फोननं पैसे देतं, पैसे मुलाच्या खात्यात जातात, मुलगा पुण्याला. "रोकड संध्याकाळी हाती लागंना, सकाळी बिटात माल कशानं उचलावा?" हा त्यांचा सवाल.

या शेवटच्या गोष्टीकडे आपलं फार कमी लक्ष गेलं आहे. मार्च २०२० मध्ये देशात महिन्याला सुमारे १२५ कोटी यूपीआय व्यवहार होत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये हा आकडा १००० कोटींच्या वर गेला. कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपयेसुद्धा आता फोननं दिले जातात. सुट्ट्याची कटकट गेली, हिशेब राहतो, हे सगळं चांगलंच. पण बसून विकणाऱ्या कितीतरी बायकांकडे स्मार्टफोन नाही, खातं असलं तरी ते मोबाईलला जोडलेलं नाही. मग नवऱ्याचा, मुलाचा, पुतण्याचा कोड लावायचा. दिवसभराची कमाई तिच्या घामाची, आणि ती उतरते दुसऱ्याच्या खात्यात. पूर्वी कमरेच्या पिशवीत रोख असायची, तेव्हा घरात तिला चार लोकांत बोलायला आधार होता. शिवाय जिच्या हातात सकाळी रोख नाही तिला जुन्या सावकाराकडे जावंच लागतं: सकाळी ९०० घ्यायचे, संध्याकाळी १००० द्यायचे.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. १ जून २०२० ला पीएम स्वनिधी योजना आली. तारणाशिवाय १० हजारांचं पहिलं कर्ज, ते फेडलं की २० हजार, मग ५० हजार, आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के सवलत. रस्त्यावरच्या विक्रेत्याला बँकेनं दारात उभं करून घेतलं, हे आपल्या देशात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर घडलं. त्याचं मोल मी जाणतो. २०२५ मध्ये योजनेला मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली आणि पहिलं कर्ज १५ हजारांचं झालं. मुळात अट अशी होती की २४ मार्च २०२० रोजी किंवा त्याआधी तुम्ही शहरात विक्री करत असला पाहिजे. शहराबाहेरून येऊन विकणाऱ्यांनाही योजना लागू होती. पालिकेचं शिफारसपत्र लागे. म्हणजे आमच्या मावशी या अटीत चपखल बसत होत्या. फक्त अर्ज भरून घेणारे कर्मचारी बाजारात आले तेव्हा त्या तिथं नव्हत्या, कारण गाडीच नव्हती. आणि गाड्यावरचं ते पोरगं बाजारात हजर होतं, पण त्यानं धंदा टाळेबंदीत सुरू केलेला, म्हणून अटीत बसत नव्हतं.

एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं फेरीवाल्यांना १५०० रुपये जाहीर केले, ते राज्यातल्या ५ लाख नोंदणीकृत फेरीवाल्यांना. ज्याची नोंद नाही त्याला ते नव्हते. नोंदीचा प्रश्न आला की आपण पुन्हा त्या बिननावाच्या पावतीशी येऊन थांबतो.

थोडं विषयांतर करून लातूरच्या एका वेगळ्या अन्नबाजाराविषयी बोलतो, कारण तो दुसऱ्या कुठल्या शहरात इतका मोठा नसेल. 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इथल्या शिकवणीच्या पद्धतीमुळे बाहेरगावची हजारो मुलं-मुली या शहरात राहून शिकतात. त्यांचं पोट भरतं ते मेस आणि डब्यांवर. ट्यूशन एरियात घराघरांत पोळ्या लाटणाऱ्या, दोन वेळचे डबे भरणाऱ्या बायका हा लातूरचा एक मोठा उद्योग आहे, फक्त त्याला उद्योग म्हणून कुणी मोजत नाही. मार्च २०२० मध्ये मुलं घरी गेली. नीट परीक्षा लांबत लांबत १३ सप्टेंबरला झाली, शिकवण्या ऑनलाइन राहिल्या. महिन्याचे पैसे आगाऊ घेऊन किराणा भरायचा हे या धंद्याचं गणित. मुलं गेली तेव्हा पैसे परत करायचे आणि किराणावाल्याची उधारी तर डोक्यावर. मुलं परतली तेव्हा बऱ्याच बायकांकडे पुन्हा सुरू करायला भांडवल नव्हतं. दरम्यान मोठ्या वसतिगृहांनी आपली मेस आपल्याच आवारात सुरू केली. ज्या बाईची मेस होती ती तिथं पोळ्या लाटायला पगारी लागली. भाजीवालीचं जे झालं तेच इथं झालं: मालकीण मजूर झाली. काहींना शिवभोजन केंद्रानं तारलं. २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झालेली थाळी टाळेबंदीत ५ रुपयांना आणि दुसऱ्या लाटेत मोफत दिली गेली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. केंद्र चालवणाऱ्याला शहरात थाळीमागे गिऱ्हाइकाचे पैसे आणि सरकारी अनुदान मिळून ५० रुपये पडत. छोट्या खानावळींना आणि बचतगटांना त्या काळात चूल पेटती ठेवता आली ती यामुळे. बिलं वेळेवर निघाली असती तर अजून बरं झालं असतं.

परत भाजीकडे येतो. बाजार बदलला तसं आपल्या ताटातलंही बदललं, आणि हे आपल्यापैकी स्वयंपाक करणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल. फिरता गाडा काय आणतो? जे बिटात कॅरेटनं मिळतं ते. टोमॅटो, बटाटा, फ्लॉवर, पत्ताकोबी, शिमला मिरची. पाथरी, चुका, घोळ, चिवळ, तांदुळजा, अंबाडीचा कोवळा पाला या भाज्या बिटात येत नाहीत. त्या कुणाच्या तरी बांधावरून, कुणाच्या तरी ओट्यातून येतात. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आदल्या दोन दिवसांत लातूरचा बाजार पाहिला आहे का? भज्जीला लागणाऱ्या तुरीच्या ओल्या शेंगा, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, पातीचा कांदा, चिंच. प्रत्येकीच्या पाटीत थोडं-थोडं, आणि सगळ्यांचं मिळून शहराचा सण. जानेवारी २०२१ च्या येळवशीला रानात जायला तुलनेनं मोकळीक होती, तरी बाजारात या बायका कमी होत्या आणि ओल्या शेंगा शोधाव्या लागल्या. बसून विकणारी बाई हटली की तिच्याबरोबर येणारं वाणही हटतं. पौष्टिक आहाराची शिबिरं घेण्याआधी हा विचार व्हावा.

मग करायचं काय? नवा कायदा करायची गरज नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे आणि तो चांगला आहे. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं, असं तो म्हणतो. २०११ च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचं होतं. अडीच टक्के म्हणजे पावणेचौदा हजार. लातूर ३ लाख ८२ हजारांच्या आसपास. म्हणजे साडेनऊ हजार. आज दोन्ही शहरं याहून किती तरी वाढली आहेत. शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला, ही तरतूद कायद्यातच आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला हटवू नये, हीसुद्धा. आणि गिऱ्हाईक व विक्रेता वर्षानुवर्षं जिथं आपसूक जमतात तो नैसर्गिक बाजार जपावा, हीसुद्धा.

अडचण सर्वेक्षणाच्या पद्धतीत आहे. सर्वेक्षण करणारा माणूस कार्यालयीन वेळेत येतो. अकराला तो इतवाऱ्यात पोचतो तेव्हा खेड्यातली बाई परतीच्या गाडीत बसलेली असते. त्याला गाडे दिसतात, तो गाडे मोजतो. मोजलेल्यांना प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावर कर्ज, कर्जाच्या नोंदीवर उद्याची जागा. न मोजलेली बाई या सगळ्या साखळीबाहेर राहते आणि पाच वर्षांनी होणाऱ्या पुढच्या सर्वेक्षणात तर ती असतच नाही.

आता तिची येण्याची वाट पुन्हा मोकळी झाली आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट, आणि रेल्वेचं तिकीटही खाली आलं. बायका परत येऊ लागल्या आहेत. त्यांना बसायला जागा पाहिजे. वाहतुकीचा प्रश्न काढला जाईल. काढावाही, वजिराबादचा रस्ता मीही चालतो. पण पहाटे पाच ते सकाळी दहा या वेळात रस्ता कुणाचा, हा प्रश्न वेगळा आहे. त्या पाच तासांसाठी इतवाऱ्यात, तरोडा नाक्यावर, गोलाईच्या दोन-तीन रस्त्यांवर पट्टे आखून बसून विकणाऱ्यांसाठी जागा राखता येतात. दहानंतर पट्टा मोकळा. तहबाजारीच्या पावतीवर नाव आणि गाव लिहायचं, म्हणजे वर्षभरात तीच पावती पुरावा होईल. तिच्या स्वतःच्या नावाचं खातं आणि स्वतःच्या नावाचा कोड, यासाठी बँकेच्या माणसानं महिन्यातून दोनदा पहाटे बाजारात बसायचं. आणि सावली, पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह. इतवाऱ्यात पहाटे चारला आलेली बाई दुपारपर्यंत पाणी पीत नाही, ते कशामुळे हे इथं बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

दोन्ही महापालिकांना माझी मागणी याहून सोपी आहे. पुढचं सर्वेक्षण कराल तेव्हा पहिले आठ दिवस कर्मचारी पहाटे पाचला पाठवा. नांदेडला स्टेशनच्या बाहेर आणि बसस्थानकावर, लातूरला हरंगुळच्या आणि औशाच्या गाड्या येतात तिथं. डोक्यावर पाटी घेऊन उतरणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून तिचं नाव विचारा, गाव विचारा, आणि २०२० च्या आधी ती कुठं बसत होती ते लिहून घ्या.